शिवताना घातलेले घोळ आणि ते कसे निस्तरले

नव्या सुती पँटचे पाय लांब होते म्हणून कापले, शिवले, घातली. पहिल्या धुण्यातच आटली आणि आता घोटे उघडे! आधी धुवायचं, वाळवायचं, मगच कापायचं, हे मला माहीत होतं. घाई नडली. दुसरी पँट समोर पडली आहे, तिला हात लावण्याआधी तुमचे घोळ ऐकायचे आहेत.

---

माझ्या मशीनवर कापडाच्या खालून दोऱ्याचं जाळं व्हायचं. खाली गुंता म्हणजे दोष बॉबिनचाच (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ), असं धरून चालले. बॉबिन काढली, घातली, शटल साफ केलं, बॉबिन केसचा स्क्रू पिळला. दोष निघाला वरच्या दोऱ्यात. कापड दाबून धरणारा दाबाचा पाय खाली ठेवून दोरा ओवला होता. पाय खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही. वरून ढिला येतो आणि गुंता खाली दिसतो. पाय उचलून पुन्हा ओवला, झालं. तोवर स्क्रू इतका फिरवला होता की तो ठिकाणावर आणायला अख्खी संध्याकाळ गेली. आता हात लावण्याआधी फोटो काढते.

---

टीशर्ट बाजूने आत घेताना टाके सुटत होते. मशीन दुरुस्तीला न्यायला निघालोच होतो. सुई बदलली आणि थांबलं. होजिअरीला बोथट टोकाची, बॉलपॉइंट सुई लागते. शिवाय सरळ टीप ताणली की तुटते, बारीक झिगझॅग टिकते. सुईचा नंबर जाड जीन्सला १००/१६, साध्या सुती कापडाला ८०/१२ किंवा ९०/१४.

---

सुई उलटी बसली तरी टाके सुटतात हं. ज्या बाजूने ओवता, त्याच्या विरुद्ध बाजूला सुईच्या वरच्या जाड दांड्याची सपाट बाजू हवी. (मी दोनदा केलंय.)

---

जीन्सच्या दुमडीत जाड शिवण आली की मशीनचा दाबाचा पाय पुढून वर उचलला जातो आणि टाके अडकतात, सुईही मोडते. मी पायाच्या मागच्या बाजूला जीन्सचाच तुकडा घडी करून ठेवतो, म्हणजे पाय सपाट राहतो. त्याआधी शिवणीवर हातोडीचे चार ठोके. शेजारी विचारतात, सुतारकाम चाललंय का!

---

पँटवालीला: दुमड किती ठेवलीत? ती उसवा. काठाला सुलट बाजूवर वेगळी पट्टी ठेवून पाव इंचावर टीप मारा, पट्टी आत वळवून हाताने हेम करा. पाव इंच शिवणीत जाईल, बाकी सगळी लांबी मिळेल. पट्टी पातळ घ्या आणि आधी धुवा, नाहीतर तीही आटेल.

---

पँटवालीच. दुमड सव्वा इंच निघाली, म्हणजे एक इंच हाताशी! उसवून बसले आहे. पण जुन्या घडीची रेघ ठळक दिसतेय, ती जाते का?

---

समान पाणी आणि पांढरं व्हिनेगर, त्यात फडकं ओलं करून रेघेवर ठेवा, वरून इस्त्री दाबा. रंग जातो का ते आधी आतल्या बाजूला बघा. घडीवर कापड झिजून फिकं झालं असेल, तर मात्र रेघ राहणार. मी तिथे त्याच रंगाच्या दोऱ्याच्या दोन टिपा मारल्या. लोकांना फॅशन वाटली.