कॉलेजात काय शिकलो आणि कामावर काय लागलं? अनुभव लिहा

शिरोलीकर:
पुतणीचं एमएस्सी चाललंय, नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या सेमला ओजेटी आहे, म्हणजे कंपनीत जाऊन काम, 4 क्रेडिट. ते ऐकून माझे फौंड्रीतले (लोखंड ओतायच्या कारखान्यातले) सुरुवातीचे दिवस आठवले. बीएस्सी केमिस्ट्री करून लॅबला लागलो. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजायच्या मशीनवर, कार्बन-सिलिकॉन काढायला लगेच जमलं, पण कार्बन कमी आलाय, आत्ता ओतू नका, हे भट्टीवरच्या मिस्त्रींना पटवायचं कसं? पुढच्या शिफ्टवाल्याला रजिस्टरात दोन ओळीत काय लिहून ठेवायचं? कॉलेजात हे कुणी करूनच घेतलं नव्हतं. तिथं सगळं एकट्यानं लिहायचं आणि एकट्यानं पास व्हायचं. तुमचं काय?

माणदेशी_पोरगी:
मी कमवा आणि शिका योजनेतली, कॉलेजातच काम करून शिकलेली. सकाळी ऑफिसात फायली लावायच्या, मग लेक्चर. साहेबांशी कसं बोलायचं, अर्ज कसा लिहायचा सगळं तिथंच कळलं. कर्मवीर अण्णांचे उपकार आहेत बघा, मुलाखतीत पण त्यावरच जास्त विचारलं.

इचलकरंजी_बीकॉम:
टॅली बाहेर क्लास लावून शिकलो ते सोडा. सुताच्या पेढीवर थकलेलं बिल फोनवर मागायचं आणि गिऱ्हाईक पण तोडायचं नाही, हे शेठनी शेजारी बसवून शिकवलं. लई मोठा माणूस.

शिरोळवाली:
2019 च्या पुरात आम्ही एनएसएसची पोरं कॅम्पवर होतो. घरटी याद्या करायच्या, कुणाला औषध कुणाला दूध, चिडलेल्या माणसाचं आधी ऐकून घ्यायचं, आणि अंधार पडला तरी पाणी चढतच होतं... आज हॉस्पिटलात ॲडमिशन काउंटरला बसते, रोज तेच कामाला येतंय.

तासिकावाला:
कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, शिकवतो. ग्रुपनं प्रेझेंटेशन घ्यावं असं मनापासून वाटतं हो, पण वर्गात एवढी पोरं की निम्म्यांचं झालं तरी सिलॅबस राहतो आणि परीक्षा शेवटी लेखीच. तरी घेतो. मागच्या बाकावरची पोरगी उभी राहून बोलली की बरं वाटतं.

माणदेशी_पोरगी:
सर, घेत राहा. आमच्या वेळी तुमच्यासारखं कोण नव्हतं.

गोकुळ_शिरगाव:
शिरोलीकर दादा कुठली फौंड्री? भाऊ माझा कोअर शॉपला आहे.

शिरोलीकर:
व्यक्तिगत निरोप करतो.

आई_कागलची:
ओजेटीला स्टायपेंड असतो काय? लेकीला पंचतारांकित एमआयडीसीत मिळालंय, सकाळच्या शिफ्टला जायला सोय काय आहे तेवढं कोणीतरी सांगा.