नववीतल्या लेकीला हरिहरला पाठवू का?

लेकीची_आई: मैत्रिणींसोबत ऑगस्टमध्ये नाशिकजवळच्या हरिहर गडावर जायचं म्हणतेय. कळसूबाई केलंय तिने. पण त्या कातळपायऱ्यांचे फोटो बघूनच माझ्या पोटात गोळा येतो. तिचे बाबा म्हणतात जाऊ दे.

नाशिकचा_भटक्या: ताई, जरूर पाठवा, पण पावसाळ्यात नको आणि रविवारी तर नकोच. चढणारे-उतरणारे त्याच अरुंद पायऱ्यांवर, गर्दी झाली की मध्येच अडकून उभं राहावं लागतं. डिसेंबरात भल्या सकाळी जा, कातळ कोरडा असतो. पायऱ्यांना हात घालायला खोबण्या आहेत. दोन पाय, दोन हात, यातले तीन कायम टेकलेले हवेत. आणि उतरताना तोंड कातळाकडेच! चढताना सगळी पोरं शूर असतात, पाय लटपटतात ते उतरताना. सोबत अनुभवी माणूस हवाच. सरसकट नाही म्हणालात तर पोरी न सांगता जातील, मला त्याची जास्त धास्ती वाटते.

सह्यवेडी: मालावत पूर्णा 2014 मध्ये 13व्या वर्षी एव्हरेस्टवर पोचली. हरिहरचं काय घेऊन बसलात?

नाशिकचा_भटक्या: पूर्णा आधी तेलंगणातल्या भोंगीरच्या कातळावर रीतसर शिकली होती, ते विसरू नका.

लेकीची_आई: डिसेंबरचं बोलते तिच्याशी. बूट कुठले घ्यावेत?