गंमत कलमांच्या तपशिलात आहे

अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या छापखान्याच्या स्वातंत्र्याची गोष्ट निघाली की फेडरलिस्ट (राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सचा पक्ष) म्हणजे दडपशाही आणि त्यांचा विरोधक थॉमस जेफरसन म्हणजे स्वातंत्र्य, अशी वाटणी केली जाते. इतकं सरळ नव्हतं ते. १७९८ च्या राजद्रोह कायद्याने राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस (अमेरिकेची संसद) यांच्याविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिहिणं गुन्हा ठरवलं. यादीत उपराष्ट्राध्यक्ष मात्र नाही! कारण त्या खुर्चीत विरोधी पक्षाचा जेफरसन बसला होता. त्याला खुशाल झोडा. वर कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे ॲडम्सच्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस. हेतू याहून उघडा काय असणार?

व्हर्मॉन्टचा खासदार मॅथ्यू लायन याला ॲडम्सवर टीका केल्याबद्दल चार महिने कैद आणि १००० डॉलर दंड झाला. मतदारांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं.

आता दुसरी बाजू. या कायद्याविरुद्ध केंटकी राज्याने केलेल्या, जेफरसनने नाव लपवून लिहिलेल्या ठरावांचा मुद्दा असा की छापखान्यावर लगाम घालायचा अधिकार केंद्राला नाही, तो राज्यांकडे आहे. लगामच नको, असं नव्हे. (हा बारकावा बहुतेक जण गाळतात.) पुढे तो स्वतः राष्ट्राध्यक्ष असताना न्यूयॉर्क राज्यात हॅरी क्रॉसवेल या फेडरलिस्ट संपादकावर जेफरसनच्या बदनामीचा खटला चाललाच. आणि 'छापलेलं खरं असेल तर ते सिद्ध करू द्या' म्हणत १८०४ मध्ये क्रॉसवेलच्या बाजूने उभा राहिलेला वकील कोण? फेडरलिस्टांचाच पुढारी अलेक्झांडर हॅमिल्टन.