आकाशदर्शन मंडळाचं संकेतस्थळ: पहिल्या पानावर काय हवं?

अगस्ती_दक्षिण
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात आमचं हौशी आकाशनिरीक्षकांचं मंडळ आहे. सभासद चाळीसेक, सहा इंची एफ/८ डॉब्सोनियन दुर्बीण एक, १०×५० च्या द्विनेत्री (बायनॉक्युलर) दोन. ऑक्टोबर ते मे दर महिन्याला एक खुला कार्यक्रम असतो. सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर चालतो, त्यामुळे गटाबाहेरच्या माणसाला पुढचा कार्यक्रम कधी आणि कुठे हे कळायला मार्ग नाही. आता संकेतस्थळ करायचं ठरलंय. खर्च वर्षाला दोन हजारांच्या आत हवा. ग्रहस्थिती, पंचांग, खगोल बातम्या, छायाचित्रं, लेख असे बारा विभाग योजलेत. जास्त होतात का? आणि बांधायचं कशावर?

सांजतारा
बारा फारच होतात. बातम्या आणि ग्रहस्थिती आधी काढा. ती इतरत्र चांगली मिळते आणि तुमच्याकडे महिन्याभरात शिळी होते. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचा दुवा द्या, काम भागतं.

पहिल्या पानावर येणारा माणूस एवढंच ठरवत असतो, की या शनिवारी मुलांना घेऊन जावं का. म्हणून सगळ्यात वर पुढचा कार्यक्रम, आणि तोही पूर्ण लिहिलेला: वार, तारीख, महिना, वर्ष, जमायची वेळ, संपायची वेळ. ‘येत्या शनिवारी’ असं कधीच लिहू नका. पान दोन महिन्यांनी उघडणाऱ्याला तो कुठला शनिवार ते कळत नाही. रात्रीच्या कार्यक्रमात तारखेचा घोळ हमखास होतो. उदाहरणार्थ, मिथुन राशीतला उल्कावर्षाव. २०२६ मध्ये १३ डिसेंबरला रविवार आहे. नुसतं ‘१३ डिसेंबर, रात्री २ वाजता’ लिहिलंत तर निम्मी माणसं एक रात्र आधी येतील. ‘रविवार १३ ची रात्र, म्हणजे सोमवार १४ ची पहाट’ असं लिहा.

त्याखाली जागा. नुसती नकाशाची टाचणी पुरत नाही. माळरानावर टाचणी बऱ्याचदा जवळच्या डांबरी रस्त्याला चिकटते आणि गाडी टेकडीच्या भलत्याच बाजूला जाते. एसटी स्टँडपासून किती किलोमीटर, कुठल्या फाट्यावर वळायचं, कच्चा रस्ता किती, गाड्या कुठे लावायच्या आणि दिवे कधी बंद करायचे हे शब्दांत लिहा. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे तेही. जागेवर रेंज नसेल तर हाच मजकूर एका पानाच्या पीडीएफमध्ये द्या, लोक घरूनच उतरवून घेतील.

मग स्वच्छतागृह आहे की नाही, पाण्याची सोय, थंडीचे कपडे, टॉर्चला लाल जिलेटिन कागद. शुल्क असेल तर रक्कम, नसेल तर ‘विनामूल्य’ हा शब्द.

ढग आले तर काय, हे पहिल्याच पानावर ठरवून टाका: ‘कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ४ वाजता इथे, याच ओळीत निर्णय लिहिला जाईल.’ कार्यक्रम होणार असेल तरीही ती ओळ बदला. ‘होणार आहे, नोंद दुपारी ३.५०’ असं दिसलं की फोन थांबतात. कार्यक्रम झाला की दुसऱ्याच दिवशी पुढचा चढवा. पहिल्या पानावर मागच्या शिमग्याची तारीख दिसली, की मंडळ बंद पडलंय असंच लोक धरून चालतात.

नोटो_वाला
बांधणीबद्दल. एचटीएमएल येणारा एक जरी सभासद असेल तर साधी स्थिर पानं करा आणि गिटहब पेजेस या सेवेवर फुकट ठेवा. कोणालाच येत नसेल तर गूगल साइट्स. वर्डप्रेस टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्लगइन अद्ययावत करत राहायला माणूस लागतो, ते राहून गेलं की कोणीतरी घुसून जुगाराच्या जाहिराती टाकतं. महिन्याला एक तारीख बदलायला एवढा व्याप कशाला?

पैसे फक्त नावाचे, म्हणजे डोमेनचे. घेताना पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहू नका, नूतनीकरणाचा पाहा. आणि ते कोणा एकाच्या खासगी ईमेलवर घेऊ नका. मंडळाचं वेगळं ईमेल खातं उघडा, त्याचा परवलीचा शब्द अध्यक्ष आणि चिटणीस दोघांकडे ठेवा. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे बॅकअप कोड कागदावर छापून इतिवृत्ताच्या वहीत चिकटवा. संस्थांची संकेतस्थळं बहुतेक अशीच जातात: करणारा मुलगा नोकरीसाठी परगावी जातो, नूतनीकरणाचं पत्र त्याच्या जुन्या ईमेलवर येतं, मुदत उलटते आणि नाव दुसराच कोणी घेतो.

मराठी मजकुराबाबत चार गोष्टी, कारण इथे फार चुका होतात.

जुनी पत्रकं श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर तो मजकूर थेट चिकटवू नका. तो युनिकोड नसल्यामुळे वाचणाऱ्याला निरर्थक अक्षरं दिसतात. परिवर्तक वापरा आणि नंतर ओळ न् ओळ वाचा. रफार, ऱ्ह आणि जोडाक्षरं हटकून बिघडतात. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य नुक्तावाल्या ऱ ने टंकावा लागतो, साधा र वापरला तर ‘दुसर्या’ उमटतं. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी. पानाची भाषा हिंदी न ठेवता मराठी नोंदवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच. वाढवलंत की शिरोरेषा तुटते.

पानांचे पत्ते रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्के आणि आकड्यांची लांबलचक माळ होते, आणि ती कोणी उघडत नाही.

दुवा पाठवल्यावर जे चित्र दिसतं ते वेगळं नेमून द्यावं लागतं: १२०० × ६३० पिक्सेल, ३०० केबीच्या आत, त्यावर तारीख ठळक. व्हॉट्सअ‍ॅप जुनं चित्र काही काळ धरून ठेवतं, म्हणून दर महिन्याला त्याच नावाची फाइल बदलू नका, नव्या नावाने चढवा. गूगल साइट्समध्ये यावर फारसा ताबा राहत नाही. तारीख आणि जागा नुसत्या चित्रात नकोत, मजकुरातही हव्यात. नाहीतर शोधात सापडणार नाही आणि मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कळणार नाही.

अगस्ती_दक्षिण
सांजतारा, नोटो_वाला, मनापासून आभार. बारा विभागांचे चार करतो. दोन शंका आहेत. वर्षभराच्या तारखा आधीच टाकाव्यात का? आणि दुर्बिणीतून काय दिसेल याचं पान कसं लिहावं?

शुद्ध_अष्टमी
तारखा जूनमध्येच ठरवून टाका आणि एकाच पानावर वर्षभराचं कोष्टक द्या. सोबत आयसीएस फाइल ठेवली की ती लोकांच्या फोनमधल्या कॅलेंडरमध्ये जाते. तीत वेळक्षेत्र आशिया/कोलकाता असं नोंदवा. ते राहिलं आणि वेळ जागतिक वेळ म्हणून वाचली गेली, तर संध्याकाळी ७ चा कार्यक्रम मध्यरात्रीनंतर साडेबाराला दिसतो.

तारीख निवडताना कार्यक्रम कोणासाठी आहे ते बघा. तेजोमेघ आणि तारकागुच्छ दाखवायचे तर अमावास्येच्या जवळचा शनिवार. शाळेसाठी मात्र शुद्ध सप्तमी-अष्टमी धरा: चंद्र अर्धा असतो, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, आणि संध्याकाळी सातला तो डोक्याच्या आसपास असतो. पौर्णिमेला सावल्याच नसतात, चंद्र सपाट दिसतो. दिवाळीची अमावास्या सोडून द्या; फटाक्यांचा धूर असतो आणि माणसं घरी पाहुण्यांत असतात. १२-१३ ऑगस्टचा ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव कोष्टकात घालूच नका, आपल्याकडे तेव्हा ढग. वर दिलेल्या २०२६ च्या मिथुन वर्षावाला मात्र अमावास्या ९ डिसेंबरची आहे. १३ ला चंद्र रात्री दहाच्या सुमारास मावळेल आणि मध्यरात्रीनंतरचं आकाश पूर्ण काळं मिळेल. ते ठळक लिहा.

आता दुसरी शंका, ही जास्त महत्त्वाची आहे. अवकाश दुर्बिणींची रंगीत छायाचित्रं त्या पानावर लावू नका. ती पाहून आलेला माणूस नेत्रिकेला डोळा लावतो, मृगातला तेजोमेघ करड्या धुक्यासारखा दिसतो आणि तो निराश होऊन जातो. तुमच्या नळीची नाभीय लांबी १२०० मिमी. तिला नेत्रिकेच्या मिमीने भागलं की किती पट मोठं दिसेल ते कळतं: २५ मिमीच्या नेत्रिकेने ४८ पट, १० मिमीने १२० पट. त्यातून जे दिसतं ते लिहा: गुरूचे दोन पट्टे आणि चार चंद्र, शनीचं कडं आणि त्याचा चंद्र टायटन, कृत्तिकेचे पाच-पन्नास तारे. कृत्तिका २५ मिमीच्या नेत्रिकेतही पुरत्या मावत नाहीत, त्या द्विनेत्रीतून जास्त सुंदर दिसतात, हेही सांगा. शनीचं कडं २०२५ मध्ये आपल्याकडे कडेने वळलं होतं, आता हळूहळू उघडतंय. बारीक का दिसतं हे लोक विचारणार, उत्तर आधीच तिथे असू द्या. जमलं तर सभासदांनी नेत्रिकेशी बसून पेन्सिलीने काढलेली चित्रं लावा. डोळ्याला काय दिसतं हे फोटोपेक्षा त्यांतून खरं कळतं.

अंधारात वाचायचं पान काळ्यावर लाल अक्षरांचं करा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा पडदा ती क्षणात घालवतो.

तुमच्या गावापुरतं, इतर कुठेही न मिळणारं एक पान नक्की करा: शून्य सावली दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस. अक्षांशाप्रमाणे तो दिवस आणि रेखांशाप्रमाणे वेळ बदलते. पुण्यात साधारण १३ मे, दुपारी १२.३१, नागपुरात २६ मेच्या सुमारास, १२.१० च्या आसपास. तुमच्या गावाची तारीख-वेळ काढून द्या, सोबत सरळ उभ्या पाइपचा तुकडा आणि ओळंबा वापरून प्रयोग कसा करायचा ते चार ओळींत लिहा. जुलै-ऑगस्टमधला दुसरा दिवस पावसात जातो, त्यामुळे मेमधल्या दिवसाचीच तयारी ठेवा. शाळांना सुट्टी असते म्हणून पान मार्चमध्येच शिक्षकांकडे पोहोचायला हवं.

कुंपणापलीकडे
वर आलं नाही म्हणून लिहितो. नावनोंदणीचा गूगल फॉर्म केलात तर उत्तरांची शीट ‘दुवा असलेल्या कोणालाही’ खुली नाही ना, ते खासगी खिडकीतून उघडून तपासा. पालकांचे फोन नंबर असेच बाहेर जातात. कार्यक्रमानंतर महिन्याभरात यादी पुसून टाका. मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नकोत. दुर्बिणीशी वाकलेल्या मुलांचा पाठमोरा फोटो तितकंच काम करतो. यूपीआयचा क्यूआर खजिनदाराचा न लावता मंडळाच्या खात्याचा लावा, आणि स्कॅन केल्यावर कोणतं नाव दिसायला हवं ते शेजारी लिहा. जागा शेतकऱ्याची असेल तर त्याचं नाव आणि घर पानावर घालू नका, फाट्यापर्यंतचाच रस्ता द्या आणि पुढे सभासद उभे करा.