अनुभव धागा : थारच्या वाळूत मुक्काम आणि तारे, पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

धागाकर्ता

हिवाळा आला की पुण्यातून जैसलमेरला जाणाऱ्यांची रांग लागते. वाळू, उंट, किल्ला सगळं बघून होतं, पण ज्यासाठी मुद्दाम वाळूत रात्र काढली ते आकाश बहुतेकांना धड दिसत नाही. कारणं ठरलेली असतात आणि घरून निघण्याआधी टाळता येतात. म्हणून हा धागा. प्रवासवर्णन नको. तारीख, जागा, तंबू, थंडी, दुर्बीण, गाडी, यातलं ज्याला जे नीट ठाऊक आहे ते आकड्यांसकट लिहा.

कोथरूडची चंद्रकोर

सगळ्यात आधी तिथी, मग तिकीट, मग कॅम्प. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं वाया. ऐन पौर्णिमेला थारमध्ये गेलात तर वाळू सुंदर दिसेल, पण तारे पुण्याच्या गच्चीवरून दिसतात त्याहून फार जास्त दिसणार नाहीत.

हिशेब सोपा आहे. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास असतो हे घरोघरी माहीत असतं. तिथून पुढे चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे वद्य अष्टमीला साधारण मध्यरात्र. संध्याकाळपासून काळोख हवा असेल तर वद्य अष्टमीच्या पुढचे दिवस धरा. अमावस्येनंतर उलट: शुद्ध तृतीया-चतुर्थीपर्यंत चंद्रकोर आठ-नऊला मावळते आणि पुढची सगळी रात्र मोकळी. माझ्या मते सर्वांत चांगला काळ वद्य द्वादशी ते शुद्ध तृतीया. कालनिर्णय उघडा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या अमावस्यांभोवती खुणा करा.

दोन सूचना. जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेला धरून असतो, त्यामुळे ताऱ्यांसाठी तो आठवडा बाद. आणि सूर्यास्त झाला की लगेच काळोख होत नाही. संधिप्रकाश पूर्ण जायला सव्वा ते दीड तास लागतो. डिसेंबरात जैसलमेरला सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो, म्हणजे खरं आकाश सव्वासातनंतर. नेमकं त्याच वेळी कॅम्पवर नाचगाणं आणि जेवण सुरू होतं.

धागाकर्ता

दिवाळीचं काय? लक्ष्मीपूजन अमावस्येलाच, भाऊबीजेला बारीक कोर.

कोथरूडची चंद्रकोर

तिथीने उत्तम, बाकी सगळ्याने अवघड. त्या आठवड्यात सम या जैसलमेरजवळच्या गावाकडचे कॅम्प गच्च भरलेले असतात, दर चढतात आणि दिवे रात्री उशिरापर्यंत चालू. दिवाळीतच जमणार असेल तर सम सोडून खुरी गावाकडे जा. मार्गशीर्ष किंवा पौष अमावस्येला रजा मिळाली तर जास्त चांगलं.

मरुवाट

जागेबद्दल. सम जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर, खुरी नैऋत्येला पन्नासच्या आत. दोन्ही मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतात. उद्यान 3,162 चौरस किलोमीटरचं आहे, पण त्यात वाळूच्या टेकड्या, म्हणजे तिथल्या भाषेत धोरे, सुमारे पाचवा हिस्साच. बाकी खडकाळ माळ, गवत आणि कोरडी मिठागरं. सेवण गवताचे ठोंब आणि फोगाची झुडपं जिथे दिसतील तिथे चालू नका, जीपही नेऊ देऊ नका. वाळू त्यांच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. हाच प्रदेश माळढोकाचा शेवटचा मोठा आसरा आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला हा पक्षी आता जवळपास दिसेनासा झाला, म्हणून तिथे जरा जास्त जपून वागावं असं मला मनापासून वाटतं. उद्यानात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. सुदासरीसारख्या भागात जायला जैसलमेरच्या वनविभागाची परवानगी लागते. मुक्काम गावच्या जमिनीवरच्या कॅम्पमध्ये किंवा गावकऱ्यांच्या सोबतीने. सीमा जवळ आहे, तेव्हा ड्रोन घरीच ठेवा.

सममध्ये सोय जास्त, उजेडही जास्त: फ्लडलाइट, जनरेटर, डीजे. खुरी शांत, धोरे लहान, पण पश्चिम आणि दक्षिण क्षितिज बरंच काळं. जैसलमेर शहराचा उजेड खुरीहून ईशान्येला येतो, त्यामुळे त्या बाजूला पाठ करून बसावं. पवनचक्क्यांचे लाल दिवेही काही दिशांना लुकलुकतात.

कॅम्प ठरवताना फोनवर "स्टारगेझिंग आहे का" असं विचारू नका, उत्तर नेहमी "है साहब" येतं. हे विचारा: बाहेरचे दिवे किती वाजता बंद होतात? जनरेटर किती वाजता? कॅम्पपासून चालत किती मिनिटांवर दिवा न दिसणारा धोरा आहे? रात्री दहानंतर तिथे सोबत यायला माणूस मिळेल का? चौथ्या प्रश्नाला "हो" आलं तर बाकीचं जमवता येतं. कारण दोन धोरे ओलांडून मागच्या खळग्यात उतरलं की कॅम्पचा थेट उजेड पूर्ण अडतो. आजूबाजूच्या सगळ्या कॅम्पचे दिवे बंद करणं कोणाच्याच हातात नसतं, मधे धोरा आणणं आपल्या हातात असतं.

परत येताना दिशा चुकते. सगळे धोरे रात्री सारखेच दिसतात आणि आपली पावलं वाऱ्याने तासाभरात पुसली जातात. निघताना फोनमध्ये कॅम्पचं ठिकाण जतन करा आणि ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, नेटवर्क धरून चालू नका.

पेग आणि दोर

स्वतःचा तंबू नेणाऱ्यांसाठी. सह्याद्रीत चालणारे सहा-सात इंची पेग (तंबूच्या खुंट्या) कोरड्या वाळूत शून्य उपयोगाचे. ताण आला की लोण्यातून सुरी निघावी तसे निघतात. दिवेआगरच्या किनाऱ्यावर पेग टिकला म्हणून इथे टिकेल असंही समजू नका. ती वाळू ओली असते आणि ओलाव्याने कण एकमेकांना धरतात.

पुरलेली पिशवी हाच उपाय. जाड कापडाच्या किंवा सिमेंटच्या गोणीतून शिवलेल्या एक फूट बाय सव्वा फूट पिशव्या रिकाम्या न्या, वजन काहीच होत नाही. तिथे प्रत्येकीत चार-पाच किलो वाळू भरा, तोंड बांधून त्याच गाठीला तंबूचा दोर बांधा. दीड फूट खड्डा करून पिशवी आडवी पुरा आणि वरून वाळू पायाने घट्ट दाबा. दोर जमिनीशी जितका सपाट जाईल तितकी पकड चांगली. उभा ताण दिला तर पिशवी वर सरकते. दोन माणसांच्या घुमट तंबूला चार कोपरे आणि वाऱ्याच्या बाजूला दोन, अशा सहा पिशव्या पुरतात. दोर थोडे लांब घ्या, तीन मीटर तरी.

जागा: धोऱ्याच्या धारेवर नको, वारा आणि उडती वाळू दोन्ही तिथेच. उतरत्या बाजूच्या पायथ्यालाही नको. धोऱ्याची एक बाजू वाऱ्याकडे, दहा-पंधरा अंशांची, चालायला घट्ट. दुसरी बाजू बत्तीस-चौतीस अंशांची, कोरडी वाळू जितक्या जास्तीत जास्त कोनात थांबू शकते तितकी. तिच्यावर पाय पडला की वाळू घसरून खाली येते आणि तंबूच्या कडेला साठते. दोन धोऱ्यांमधली सपाट, जराशी टणक जागा निवडा. पण खळग्याच्या अगदी तळाशी नको. थंड हवा जड असते, रात्री ती उताराने खाली उतरून तिथे साठते. दहा-बारा फूट वर थंडी जाणवण्याइतकी कमी असते.

थंडीचं बोलायचं तर, जानेवारीत किमान तापमान सात-आठ अंश असतं आणि थंडीच्या लाटेत त्याखाली उतरतं. दुपारी पंचवीस अंश असतात म्हणून लोक फसतात. हवा कोरडी, ढग नाहीत, त्यामुळे जमिनीची उष्णता सरळ निघून जाते. अंगावर दोन रजया घेऊन उपयोग नाही, अंगाखाली काय आहे ते महत्त्वाचं. दहा मिलिमीटरची फोम मॅट आणि तिच्यावर घडी केलेलं घोंगडं, मग स्लीपिंग बॅग, शून्य ते पाच अंशांच्या थंडीला चालणारी. तासन्‌तास आडवं पडून आकाश बघायचं तर टोपी, दोन जोड मोजे आणि हातमोजे हवेतच. बसलेलं अंग चालणाऱ्यापेक्षा लवकर गारठतं.

तंबूच्या चेनमध्ये वाळू अडकली की तेल लावू नका, तेलाला अजून वाळू चिकटते. कोरड्या टूथब्रशने झाडा.

सिंहगड रोड

भुरट! कोणीच लिहिलं नाही. गवताची काटेरी बोंडं, लोकरीच्या मोज्यांना आणि ब्लँकेटला शेकड्याने चिकटतात. हाताने काढली की काटा बोटात मोडतो. चिमटा आणि बारीक कंगवा न्या, पँट गुळगुळीत कापडाची घाला, लोकर बाहेरच्या थरात नको.

दुर्बीण खांद्यावर

काय दिसेल आणि काय नाही हे आधी माहीत असलं तर निराशा होत नाही. सगळ्यांना फोटोतली आकाशगंगा हवी असते, तो फुगीर, तेजस्वी मध्यभाग. तो धनू-वृश्चिकाच्या बाजूला. धनुर्मासात सूर्य स्वतःच धनू राशीत असतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, ऐन कॅम्पिंगच्या हंगामात, तो भाग दिवसा आकाशात असतो. हिवाळ्यात रात्री दिसते ती आकाशगंगेची बाहेरची, फिकट बाजू: शर्मिष्ठा, ययाती, सारथी या तारकासमूहांतून आणि मग मृगाच्या शेजारून खाली. तीही काळ्या आकाशात स्पष्ट दिसते, फक्त अपेक्षा तशी हवी. मध्यभागच हवा असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी अमावस्येच्या आसपास जा आणि पहाटे साडेचारला आग्नेयेला बघा. साधारण सव्वा तास मिळतो, मग उजाडायला लागतं. त्याच दिवसांत संध्याकाळी आठच्या सुमारास पश्चिमेला क्षितिजापासून वर जाणारा मंद, शंकूसारखा उजेड दिसला तर तो गावाचा समजू नका. तो राशिप्रकाश, ग्रहांच्या प्रतलातल्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. पुण्यातून तो दिसणं जवळपास अशक्य.

पुण्याचा अक्षांश साडेअठरा, जैसलमेरचा सत्तावीसच्या आसपास. त्यामुळे ध्रुव तिथे साडेआठ अंशांनी वर, तर दक्षिणेचा अगस्ती तारा तेवढाच खाली. पुण्याहून अगस्ती जास्तीत जास्त एकोणीस अंशांपर्यंत चढतो, तिथे जेमतेम दहा. दक्षिणेला धूळ असेल तर तो मलूल, पिवळट दिसतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो, त्याच्या वर व्याध. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, ध्रुव शोधायला शर्मिष्ठा वापरा. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, त्या वेळी जवळपास डोक्यावर, नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपका. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा हा उजेड आहे. 13-14 डिसेंबरच्या रात्री चंद्र नसेल तर जेमिनिड उल्कावर्षाव, मध्यरात्रीनंतर पुनर्वसू डोक्याजवळ आल्यावर.

डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या पडद्याने ती तयारी मोडते. टॉर्चवर लाल जिलेटिनचे दोन-तीन थर लावा.

उपकरण: मोठी दुर्बीण नेण्यापेक्षा 10x50 किंवा 7x50 द्विनेत्री (बायनॉक्युलर) आणि पाठ टेकायला खुर्ची. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, ययातीतला ताऱ्यांचा जोडगुच्छ यात उत्तम दिसतात. दुर्बीण न्यायचीच तर तिच्या पायांखाली सहा-सात इंची प्लायवूडचे चौकोन ठेवा. नाहीतर एकेक पाय हळूहळू रुततो आणि तारा दर पाच मिनिटांनी निसटतो. विमानाने जाताना लिथियम बॅटरी हातातल्या सामानात, प्रत्येकी 100 वॉट-तासांच्या आत. नेत्रिकाही (आयपीस) हातातच.

हवामान: पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा ढगाळ हवेचा पट्टा, आला की दोन-तीन दिवस ढग. तो सरकल्यावर थंडी वाढते आणि आकाश लख्ख होतं. म्हणून एकच रात्र ठेवू नका, निदान दोन ठेवा.

शटर उघडं

कॅमेऱ्यात वाळू गेली की शटर आणि लेन्सचं फोकस रिंग, दोन्ही कामातून जातात. लेन्स खोलीत लावून निघा, वाळूत बदलू नका. ट्रायपॉडचा सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे सांधे वाळूच्या वर राहतात. पाय दाबून रुतवा, मधला खांब उचलू नका.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 14 मिमी लेन्स, एफ 2.8, आयएसओ 3200, 20 सेकंद इथून सुरुवात. एपीएस-सी (लहान सेन्सर) असेल तर 13-14 सेकंद, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा येतात. फोकस व्याधावर, लाइव्ह व्ह्यू मोठा करून, मग रिंगवर टेप. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची बॅटरी आतल्या खिशात.

चाकं चार

पुण्याहून स्वतःची गाडी नेणाऱ्यांनो, ती धोऱ्यावर चढवू नकाच. पण कॅम्पच्या कच्च्या वाटेवर रस्त्यावर आलेली वाळू लागते. टायरमधली हवा 32 वरून 18 पीएसआयवर आणा. पंधराच्या खाली गेलात तर वळणावर ट्यूबलेस टायर रिममधून सुटू शकतो. दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा वेग, ब्रेक न मारता थांबा, स्टिअरिंग झटक्याने नको. चाक जागेवर फिरायला लागलं की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. आणखी फिरवलं की गाडी पोटावर बसते. चाकांच्या पुढची वाळू उपसा, पायपुसणी चाकाखाली सरकवा, शक्य असेल तर मागे, आलेल्या चाकोरीतूनच निघा. डांबरी लागण्याआधी हवा परत भरा, बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवा.

रेल्वेने: पुण्याहून जोधपूरच्या भगत की कोठीपर्यंत थेट साप्ताहिक गाडी आहे, पुढे जैसलमेर रेल्वेने किंवा रस्त्याने पाचेक तास. वार आणि अमावस्या जुळतात का ते आधी पाहा.

मरुवाट

उंटाबद्दल थोडं. उठताना तो मागचे पाय आधी उचलतो, बसताना पुढचे आधी मुडपतो. दोन्ही वेळा स्वार पुढे फेकला जातो, म्हणून दोन्ही वेळा मागे झुकून पकड ठेवा. तासाभरापेक्षा जास्त नको, रिकीब नसल्याने मांड्या सोलवटतात. जीप सफारीत उभं राहू नका, कितीही आग्रह झाला तरी.

फुरसं थारमध्ये आहे, विंचूही. थंडीत साप फारसे बाहेर पडत नाहीत, तरी बूट तंबूच्या आत, पिशवीत बांधून, आणि सकाळी झटकून घाला. काळे भुंगे निरुपद्रवी. आणि एक विनंती: वाळूत पुरलेलं प्लास्टिक, ओले टिश्यू काहीच कुजत नाही, वारा आठवड्यात उघडं पाडतो. कचऱ्याची पिशवी परत जैसलमेरला आणा.

नवशिकी, बाणेर

आठ-दहा वर्षांची मुलं सोबत असतील तर? आणि आम्हाला एकही नक्षत्र ओळखता येत नाही.

दुर्बीण खांद्यावर

ओळख इथेच करून जा. ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून पुण्यात आहे, त्यांच्या आकाशदर्शनाला मुलांना घेऊन एकदा जा. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध, ब्रह्महृदय एवढे पाच पक्के झाले की तिथे बाकीचं आपोआप लागतं. उलट अडचण येते ती थारमध्ये तारे इतके जास्त दिसतात की ओळखीची आकृतीच हरवते. म्हणून संधिप्रकाश असतानाच बाहेर या, तेव्हा फक्त तेजस्वी तारे असतात. त्यांच्यावर खूण धरून ठेवा.

पेग आणि दोर

मुलांसाठी: पहिली फेरी साडेसात ते नऊ, मग झोप. पहाटे उठवायचं तर फक्त फेब्रुवारीत. माणशी चार लिटर पाणी, थंडीत तहान लागत नाही म्हणून मुलं पीत नाहीत, आठवण करावी लागते. आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. दोन धोऱ्यांपलीकडे हाक पोहोचत नाही, शिट्टी पोहोचते.