आप्पांना झटका येऊन गेला, हातपाय चालू झाले पण हिशोब जमेना. मदत हवी आहे

हुपरीचा_चंदेरी
नमस्कार मंडळी. आप्पांना (वय ६३) पावसाळ्यात मेंदूचा झटका आला. कोल्हापुरात ॲडमिट होते. आता हात उचलतात, चालतात, बोलणं स्वच्छ आहे, फिजिओवाले म्हणाले माझं काम संपलं. पण डोकं पहिल्यासारखं नाही. आमचा चांदीचा धंदा. पैंजणाची जोडणी घरोघर देतो, आणि कुणाला किती चांदी दिली, किती माल आला, घट किती, सगळं आप्पांना तोंडपाठ असायचं. आता वहीत रोज चुका. कारागिरांशी भांडतात की माल कमी आणलास. जेवताना आईवर ओरडतात, मीठ वाढलं नाहीस म्हणून. परत एमआरआय काढला तर डॉक्टर म्हणाले नवीन काही नाही, डाग होता तेवढाच आहे, वेळ द्या. किती वेळ द्यायचा? दिवाळीचा माल तोंडावर आलाय. मेंदूसाठी चांगलं औषध किंवा इंजेक्शन कुठलं ते सांगा. सांगली, मिरज, पुणे कुठंही न्यायची तयारी आहे. लवकर सांगा.

मंगळवार_पेठ
भावा, झटका कसला? गुठळीचा का रक्तस्रावाचा? कुठली बाजू गेली होती? गोळ्या कुठल्या चालू आहेत? हे काहीच लिहिलं नाहीस, औषध कसं सांगणार लोक?

तालीम_गडी
आमच्या चुलत्यांची पण बाजू गेलती. कबुतराचं रक्त कोमट असताना चोळलं आणि सीमेपलीकडच्या एका गावात औषध देतात ते घेतलं. पथ्य एकच, इंग्रजी गोळ्या बंद. महिन्यात उठून रानात गेले. पत्ता पाहिजे तर व्यक्तिगत निरोप टाका.

शाहूपुरीची_सिस्टर
तालीम_गडी, चोळायचं ते चोळा, पण गोळ्या बंद करा असं इथं लिहू नका. रक्त पातळ ठेवायची गोळी आणि बीपीची गोळी सोडून पुन्हा आलेले पेशंट मी वॉर्डात बघते. दुसरा झटका पुष्कळदा पहिल्यापेक्षा जड जातो.

तालीम_गडी
ताई, माझा चुलता आज बी चालतोय. तुमच्या वॉर्डात किती बरे झाले ते सांगा की.

शाहूपुरीची_सिस्टर
पुष्कळ झाले. आणि काहीच उपचार न घेता पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरीच सुधारणा आपोआपही होते. त्याच काळात जे औषध चालू असतं, त्याला श्रेय जातं. तुमचे चुलते बरे झाले याचा आनंदच आहे. गोळ्यांचं मात्र ऐकणार नाही.

गोल्डन_अवर
सर्वांनी लक्षात ठेवा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं तर घरी लिंबू-सरबत पाजत बसू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. मोठी शीर बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत गुठळी ओढून काढतात.

हुपरीचा_चंदेरी
अहो, ते होऊन गेलं. आता हिशोबाचं विचारतोय. गुठळीचा झटका, डावी बाजू गेली होती. रक्त पातळ व्हायची, बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, बंद करणार नाही. शुगर नाही. तब्येत इतकी चांगली आहे की परवा एकटे मोटरसायकलवर पट्टणकोडोलीला जाऊन आले, फक्त डावा आरसा कुठं तरी घासला. म्हणून तर म्हणतोय, एवढं सगळं ठीक असताना डोकंच का चालेना?

ओटी_राजारामपुरी
दादा, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं परत जमवायला शिकवते. औषधाचं नंतर बोलू. आधी गाडीची किल्ली काढून घ्या, आजच.

आता दोन प्रश्न. आप्पा ‘मीठ नाही’ म्हणतात तेव्हा मीठ ताटात असतं की नसतं? चटणी, कोशिंबीर खातात का? आणि वहीतल्या चुकांपैकी दोन-तीन जशाच्या तशा इथं लिहा, खरा आकडा काय आणि त्यांनी काय लिहिला.

सुडोकू_प्रेमी
रोज सुडोकू आणि शब्दकोडं द्या. मेंदूला व्यायाम लागतो. माझे आजोबा ९१ वर्षांचे आहेत, रोज सोडवतात, एकदम तल्लख. मोबाईलवर ॲप पण मिळतात.

मंगळवार_पेठ
तुमच्या आजोबांना झटका आलता का?

सुडोकू_प्रेमी
नाही. पण मेंदू तो मेंदू.

हुपरीचा_चंदेरी
ओटी ताई, मीठ असतंच. आई रोज वाढते, ताट फिरवून दाखवलं की मग खातात. चटणी तशीच राहते, आम्हाला वाटलं तिखट सोसत नसेल. वही आत्ता काढून बघितली. १८४० ग्रॅमच्या जागी ८४०. २३१५ चं ३१५. एका ठिकाणी १२६० चं २६०. काट्यावर आकडा लख्ख दिसत असताना हे असं. कारागीर १८४० घेऊन येतो आणि आप्पा म्हणतात हजार ग्रॅम कुठं गेले. भांडणं यावरूनच.

ओटी_राजारामपुरी
म्हणजे आप्पांचं गणित बिघडलेलं नाही. बेरीज बरोबर असणार, हातात आलेला आकडाच अर्धा आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आपण ताटात डावीकडे वाढतो. आकड्यातला हजाराचा अंक डावीकडे. गाडीचा घासलेला आरसाही डावा. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला की शरीराची डावी बाजू जाते, आणि पुष्कळदा डाव्या बाजूकडे लक्षच जाईनासं होतं. डोळे चांगले असतात, मेंदू तिकडची दखल घेत नाही. याला निग्लेक्ट म्हणतात. पेशंटला स्वतःला यातलं काही जाणवत नाही, म्हणून आप्पा मनापासून भांडतात. त्यांना ‘खोटं बोलताय’, ‘विसरताय’ असं घरात कुणी म्हणू नये.

नक्की करायला न्यूरॉलॉजिस्टकडून तपासणी हवीच. कागदावर आडवी रेघ मारून मध्य काढायला सांगतात, घड्याळ काढायला लावतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टीचं क्षेत्रही मोजून घ्या. नजरेचा डावा अर्धा भागच गेला असेल तर तो वेगळा प्रकार. त्यात माणूस मान वळवून बघायला आपणहून शिकतो, निग्लेक्टमध्ये वळवत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात.

पुणे_रिटर्न
एवढ्या भानगडीपेक्षा पुण्यात नेऊन ब्रेन मॅपिंगचं पॅकेज करा. मेंदूतल्या जोडण्या रंगीत दिसतात, कुठली तुटली ते कळतं. माझ्या साहेबांनी केलं.

हुपरीचा_चंदेरी
हे कुठं होतं? खर्च किती? साध्या एमआरआयमध्ये काही दिसत नाही म्हणूनच तर अडकलोय.

ओटी_राजारामपुरी
थांबा, त्यात पैसे घालू नका. साध्या एमआरआयमध्ये फक्त मेलेली जागा दिसते, आणि ती आहे तेवढीच राहणार. ‘नवीन काही नाही’ हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. पण मेंदूचे भाग एकमेकांशी जोडून काम करतात. २०१९ च्या पुरात हायवे शिरोलीजवळ बंद झाला तेव्हा राजारामपुरीत पाणी नव्हतं, तरी दूध आणि पेट्रोलची बोंब झालीच ना? तसंच, न दुखावलेला भागही लांबच्या जखमेमुळे मंदावतो. फॉन मोनाकोव्ह या डॉक्टरांनी १९१४ मध्येच याला डायस्किसिस असं नाव दिलं होतं.

पुढे एफएमआरआय (मेंदूचं चालू काम टिपणारा एमआरआय) आला आणि कुठले भाग एका तालात चालतात ते बघता येऊ लागलं. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये कॉर्बेटा यांच्या गटाने २००७ मध्ये निग्लेक्टच्या पेशंटमध्ये दाखवलं, की लक्ष देण्याचं जे जाळं दोन्ही अर्ध्यांत पसरलेलं असतं त्यातला उजव्या-डाव्याचा ताळमेळ सुरुवातीला मोडतो. या जाळ्यातला हा ताळमेळ परत आला तसं लक्षही सुधारलं. त्याच गटाने २०१६ मध्ये आणखी एक दाखवलं. हातापायाची ताकद आणि दृष्टी किती गेली याचा अंदाज जखम कुठं आहे यावरून चांगला येतो, पण स्मरणशक्तीचा अंदाज जोडण्यांवरून जास्त चांगला येतो. म्हणून आप्पांचा हात सुधारला तरी डोकं त्याच वेगाने सुधारेलच असं नाही.

पण हे सगळं संशोधनातलं. तुमच्या आप्पांचा रंगीत फोटो काढून उपचारात आज काही बदल होणार नाही.

पुणे_रिटर्न
साहेबांना फायदा झाला म्हणून सांगितलं. कुणाचं नुकसान करायचा हेतू नाही.

रंकाळा_काठ
मेंदूचं टॉनिक म्हणून सिटिकोलीन सगळेच देतात, आमच्या बाबांनाही दिलं होतं. ते चालेल का?

शाहूपुरीची_सिस्टर
२०१२ मध्ये त्याची मोठी चाचणी छापून आली, दोन हजारांवर पेशंट होते. बरं होण्यात फरक दिसला नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर त्यांनाच विचारा, आपल्या मनाने विकत आणून देऊ नका. आणि दादा, आप्पा रडतात का, गप्प बसतात का, झोप कशी आहे? झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्याने पण डोकं मंद वाटतं. त्यावर उपचार आहे.

हुपरीचा_चंदेरी
रडत नाहीत, चिडतात. दुपारी लवकर दमतात. किल्ली काढून घेतली, त्यावरून मोठा दंगा झाला. आता घरी करायचं काय ते सांगा. आणि दिवाळीपर्यंत होईल का?

ओटी_राजारामपुरी
दिवाळीचा शब्द कुणीच देऊ शकणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, नंतर मंदावतो, पण थांबत नाही. घरी असं करा. वहीच्या प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी ओढा. आप्पांनी आधी पट्टी शोधायची, तिच्यावर डावं बोट ठेवायचं आणि तिथून वाचत उजवीकडे यायचं. काट्याच्या डाव्या कडेलाही लाल टेप लावा. आकडा मोठ्याने म्हणायचा, ‘एक, आठ, चार, शून्य’, आणि मगच लिहायचा. आईंनी ताट फिरवून देऊ नये, ‘आप्पा, डावीकडं बघा’ एवढंच म्हणावं आणि त्यांना शोधू द्यावं. बोलायला बसताना आधी समोर बसा, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं डावीकडे सरका. सकाळी ताजे असताना थोडा वेळ, दमले की बंद.

धंद्यातून त्यांना उठवू नका, हा सराव सुडोकूपेक्षा खरा आहे. फक्त मालाचं वजन दुसऱ्या कुणी तरी त्यांच्यासोबत बघायचं, आणि जुने वाद मिटेपर्यंत कारागिरांना काय झालंय ते तुम्ही स्वतः सांगून ठेवा.

हुपरीचा_चंदेरी
टेप लावला. पहिल्याच वेळी २१७० बरोबर वाचलं, पुढचं परत चुकलं. बोट ठेवायला सांगितलं की चिडतात, पण नातवाने सांगितलं की ठेवतात. मंगळवारी न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली, वहीचे फोटो घेऊन जातो. कारागिरांना आज संध्याकाळी बोलावलंय.

जयसिंगपूरची_वहिनी
माझ्या सासूबाईंना पण झटका आलाय, त्यांना शब्दच सुचत नाहीत. लाल टेप लावू का?

ओटी_राजारामपुरी
नाही वहिनी, तो प्रकार वेगळा, त्याला स्पीच थेरपिस्ट लागतील. नवा धागा काढा आणि पहिल्याच पोस्टमध्ये लिहा: वय, कुठली बाजू गेली, कधी, सांगितलेलं समजतं का, आणि पूर्वी लिहिता-वाचता येत होतं का.