४५ दिवसांत घेवडा म्हणे! कुठल्या गावात?

होटगीरोडवाला:
परवा इथं एकानं टाकलंय, 'गच्चीवर घेवड्याचा वेल लावा, 45 दिवसांत शेंगा सुरू, बाराही महिने मंडईत जायची गरज नाही'. साहेब, सोलापुरात राहता का महाबळेश्वरला? मी जूनच्या पहिल्या पावसावर चार बिया टोचल्या, मांडवाला यंत्रमागाचं वाया गेलेलं सूत बांधलं, ऑगस्टपर्यंत वेल टाकीवर चढून शेजारच्या डिशला जाऊन लटकला, आणि शेंग? एक नाही. बायको रोज म्हणायची उपटा ते जंगल. फूल आलं दिवाळीच्या तोंडावर. देशी घेवडा दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही हो. भोगीच्या भाजीत तो का पडतो ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मग 45 दिवस मोजा.

गच्चीबहाद्दर:
ती पोस्ट माझीच. मी श्रावणघेवड्याबद्दल, म्हणजे फरसबीबद्दल लिहिलं होतं, वेली जातीच्या. फोटो पण होता, बघायचे कष्ट घेतले असते तर कळलं असतं. त्याला दिवसाच्या लांबीचं काही पडलेलं नसतं.

होटगीरोडवाला:
मग नुसतं 'घेवडा' कशाला लिहिता? आणि वेली श्रावणघेवडा 45 दिवसांत? बुटका देईल एखादवेळेस, वेलाला दोन महिने धरून चला. बारमाही तर सोडाच. पारा 32 च्या वर गेला की फुलं गळतात, आपल्याकडं मे मध्ये 42 होतं. तुमच्या गच्चीवर एसी आहे का?

गच्चीबहाद्दर:
बरं बाबा, बारमाही जरा जास्त झालं. पण देशी पण लवकर येतो की, बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेनं अर्का जय, अर्का विजय हे वाण काढलेत, दिवस लहान-मोठा असला तरी फुलतात.

होटगीरोडवाला:
काढलेत ना, आणि दोन्ही बुटके. चढवा आता मांडवावर 😄

शेळगीची ताई:
तुमचं भांडण चालू द्या, मला वेगळंच सांगायचंय. माझ्या वेलाला नुसती पानं येत होती कारण ह्यांनी कुणाचंतरी ऐकून युरिया टाकला. अहो त्याच्या मुळांवर गाठी असतात, तो हवेतलं नत्र स्वतःच घेतो. बंद केल्यावर डिसेंबरात घोसच्या घोस लागले. दर दोन-तीन दिवसांनी तोडायच्या, बिया टरारल्या की वेल आळसावतो. तर मी चार दिवस माहेरी गेले नि परत येते तर भिंतीपलीकडं गेलेला अख्खा भाग बोडका! शेजारीणबाई म्हणतात, आमच्या बाजूला आलं ते आमचं.

जुळेसोलापूरकर:
बरोबरच म्हणाल्या की बे त्या. सावली त्यांना, पानांचा कचरा त्यांना, मावा कीड पडली की चिकट पाणी पण त्यांच्याच धुण्यावर, आणि शेंगा तेवढ्या तुमच्या?

शेळगीची ताई:
'बे' मला म्हणायचं नाही. आणि निंबोळी अर्क कोण मारत होतं? पाणी कोण घालत होतं? चार-चार दिवस नळाला पाणी नाही, तांदूळ-डाळ धुतलेलं साठवून घातलंय मी!

जुळेसोलापूरकर:
सॉरी ताई, सवय आहे. पण पाण्याचं काढलंत म्हणून बोलतो, उजनी धरण उशाला आणि आपण टाकीचं झाकण उघडून तळ बघतोय. उन्हाळ्यात माणसांना प्यायला नसताना हे वेल कशाला पोसायचे?

गच्चीबहाद्दर:
झालं, आलं उजनी. इथं कुठलाही विषय काढा, दहाव्या कमेंटला उजनी येतंच.

अक्कलकोटरोड_काका:
मी पण एकदा अशाच शेजाऱ्याच्या जागी होतो. तोडल्या शेंगा, खाल्ल्या, नाकारत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी वाटीभर भाजी मागितली असती तर दिली असती, पण त्यांनी सरळ विळा घेऊन माझ्या बाजूचा वेल बुडातून कापला. पाच वर्षं बोलणं नाही. संक्रांतीला तिळगूळसुद्धा पोरांच्या हातून येतो.

शेळगीची ताई:
काका, वाटी आधी तुम्ही न्यायची होती.

अक्कलकोटरोड_काका:
बरं. ह्या भोगीला नेतो. पण भाजी तुमच्या रेसिपीनं, तीळ आणि शेंगदाण्याचं कूट भरपूर, नाहीतर परत भांडण.

होटगीरोडवाला:
मूळ मुद्दा कुणाच्या लक्षात आहे का? गच्चीबहाद्दर, पोस्ट दुरुस्त केली का?

गच्चीबहाद्दर:
केली. 'घेवडा' च्या जागी 'श्रावणघेवडा', '45' च्या जागी '60', आणि 'बाराही महिने' च्या जागी 'होटगीरोडवाल्यांना विचारा'. समाधान?

होटगीरोडवाला:
चालेल. देशीचं बी हवं असेल तर दोन घोस वेलावरच वाळवलेत, वाजायला लागलेत आता. या घ्यायला, येताना पिशवी आणा.